पॅच टिकतो, शेजार फुटतो: खाडीवरच्या जेट्टीची दुरुस्ती पुन्हा पुन्हा का करावी लागते

लक्षण असं असतं. जेट्टीच्या तुळईखालचे पोपडे सुटतात, सळई उघडी पडते. ठेकेदार सैल काँक्रीट काढतो, सळई ब्रशने घासतो, तिला गंजरोधक रंग देतो आणि पॉलिमर मॉर्टरने जागा भरून काढतो. काम डोळ्यांदेखत नीट होतं. दोन पावसाळे जातात. तिसऱ्या वर्षी बघावं तर भरलेला भाग जसाच्या तसा, ठणठणीत. पण त्याच्या कडेपासून हातभर अंतरात, सळईच्या रेषेने, नवी तांबूस भेग. तिथे पुन्हा पॅच. मग त्याच्या पलीकडे भेग. असं करत सबंध तुळई ठिगळांनी भरते आणि शेवटी जेट्टीवर ‘वापरास धोकादायक’ असा फलक लागतो.

सिंधुदुर्गातल्या एका खाडीत, प्रवासी होड्यांच्या जेट्टीवर, हे मी तीनदा पाहिलं. त्यातल्या पहिल्या दोन दुरुस्त्यांवर देखरेख माझी होती. माल चांगला होता, मिस्त्री जाणता होता, पाणी टँकरचं गोडं होतं. तिसऱ्या वेळी ओहोटीला तुळईखाली उभा राहून मी मॉर्टरलाच दोष देत होतो. शेजारी तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, चालवणारे नाना उभे होते. ते म्हणाले, “सायबानु, तुमी भरलास तो भाग बरो आसा. बाजूचो फुटता.” निदान तेच होतं. पॅच निकामी झालेला नव्हता. पॅच भरल्यामुळे शेजारची सळई गंजायला लागली होती. हे समजलं नाही तोवर कितीही महागडं मॉर्टर आणलं तरी फरक पडत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी भेग ओळखा

जेट्टीवरची प्रत्येक भेग गंजाची नसते. गंजाची भेग सळईला समांतर धावते, तिच्यातून तांबूस ओघळ येतो आणि आसपास हातोडी मारली की भरीव ‘टण’ ऐवजी पोकळ ‘भद’ आवाज येतो. एकाच खांबाला, होडी जिथे टेकते त्या उंचीवर कोपरा उडाला असेल आणि आतली सळई धड असेल, तर तो होडीचा दणका आहे. तिथे कोपरा भरून टायर बांधा, पुढची उठाठेव नको. तुळई खांबावर जिथे बसते तिथून तिरकी वर चढलेली भेग दिसली, किंवा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, शेजारच्यापेक्षा खाली बसलेला दिसला, तर प्रश्न भाराचा किंवा पायाचा आहे. ती भेग मॉर्टरने झाकू नका. वर्दळ थांबवा आणि संरचना अभियंत्याला बोलवा.

तुळया प्रीस्ट्रेस्ड असतील, म्हणजे आत ताणून बसवलेल्या तारांच्या केबल असतील, तर हा लेख तिथेच सोडून द्या. साधी सळई गंजली की काँक्रीट फुगून महिनोन्‌महिने आधी सांगतं. ताणलेली तार तेवढी सूचना देईलच असं नाही. पणजीचा मांडवीवरचा जुना पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तेव्हा केबलांचा गंज हेच कारण पुढे आलं होतं, आणि तो पूल तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता.

गंज कुठे असतो, यावरूनही पुष्कळ कळतं. ओहोटीच्या रेषेखाली, कायम पाण्यात असलेला खांब बहुधा शाबूत असतो. कालवं चिकटलेली असतात, ती खरवडली तर खाली काँक्रीट घट्ट लागतं. गंजायला प्राणवायू लागतो आणि पाण्याखाली तो फार थोडा पोचतो. खरा मार बसतो भरतीच्या रेषेच्या आसपास आणि तिच्या वर. तिथलं काँक्रीट दिवसातून दोनदा भिजतं, दोनदा सुकतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. सगळ्यांत वाईट अवस्था तुळईच्या तळाची. वरच्या स्लॅबला कोकणातला पाऊस चार महिने धुऊन काढतो, तळाला पावसाचा थेंब लागत नाही, तिथलं मीठ साठतच जातं. वरून चालणाऱ्याला जेट्टी धडधाकट दिसते आणि खालून होडीने येणाऱ्याला तिची हाडं दिसतात. पाहणी म्हणून वरून फेरी मारून अहवाल लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एकदा होडीत बसून खालून बघा.

शेजार का फुटतो

ट्रॉलरवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात; वडी झिजते, पंखा आणि शाफ्ट वाचतो. दोन धातू एकमेकांना जोडलेले आणि भोवती खारं पाणी, की एक झिजून दुसऱ्याला राखतो.

तुळईतली एकच सळईही अशी वागते. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी, सामू साडेबारा-तेराच्या घरात. अशा वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर असतो आणि ती गंजत नाही. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड हळूहळू आत झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर जागोजागी तुटतो. जिथे कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, सर्वांत कमी, तिथे आधी. त्या जागी सळई झिजू लागते आणि तिच्या झिजण्याने दोन्ही बाजूंची सळई राखली जाते, जरी तिथेही मीठ पोचलेलं असलं तरी. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, त्या दाबाने काँक्रीट फुटतं आणि आपल्याला पोपडे दिसतात.

आता आपण काय करतो? जी जागा झिजून शेजाऱ्यांना राखत होती, तीच खरवडून स्वच्छ करतो आणि तिच्याभोवती ताजं, बिनमिठाचं मॉर्टर भरतो. तिथली सळई पुन्हा सुरक्षित. पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच आहे, आणि त्याला आता राखणारं कोणी नाही. उलट पॅचमधली स्वच्छ सळई आणि खारवलेली शेजारची सळई यांच्यात नवा घट, म्हणजे एक छोटी बॅटरीच, तयार होतो आणि झिजायची पाळी शेजारची येते. म्हणून नवी भेग नेमकी पॅचच्या कडेला दिसते.

मीठ कुठवर गेलंय ते मोजा

हातोडीने पोकळ भाग सापडतो. पण पोकळ भाग म्हणजे जिथे नुकसान होऊन गेलंय तो. जिथे होणार आहे तो भाग हातोडीला भरीवच वाजतो. त्यासाठी मीठ मोजावं लागतं, आणि ही चाचणी टाळूनच बहुतेक दुरुस्त्या होतात.

ड्रिल मशीनने काँक्रीटची पूड काढायची, पृष्ठभागापासून आत १५ मिमीच्या टप्प्यांनी: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ४५, ४५ ते ६०. प्रत्येक टप्प्याची पूड वेगळ्या पिशवीत, तुळईचा क्रमांक आणि खोली लिहून. एका ठिकाणी दोन-तीन भोकं जवळजवळ पाडली तर प्रयोगशाळेला पुरेशी पूड मिळते. फुटलेल्या भागाजवळ, त्यापासून एक मीटरवर, आणि अगदी धड दिसणाऱ्या तुळईवर, असे नमुने घ्या. त्याच जागी कव्हर मीटरने सळई किती आत आहे तेही टिपा. आमच्या तुळईत कव्हर २५ ते ३५ मिमी निघालं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक समुद्राचे तुषार झेलणाऱ्या काँक्रीटला ५० मिमी आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या भागाला ७५ मिमी कव्हर सांगतं.

अहवाल आला की दोन गोष्टी बघा. पहिली, सळईच्या खोलीवरचा आकडा. नव्या काँक्रीटमध्ये आयएस ४५६ घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालवून घेत नाही. जुन्या बांधकामात सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा धोक्याचा आकडा सर्वसाधारणपणे धरतात. घनमीटरला ४०० किलो सिमेंट असेल तर तो १.६ किलो होतो. सळईपाशी त्याच्या वर आकडा असेल, तर तिथे आज भेग नसली तरी तो भाग आजारी समजा.

दुसरी गोष्ट आकड्यांचा उतार. वर जास्त आणि आत कमी होत गेलेले आकडे सांगतात की मीठ समुद्रातून आलंय. पण वरपासून आतपर्यंत आकडा जवळपास सारखाच असेल, तर मीठ बांधतानाच आत गेलंय: न धुतलेली खाडीची वाळू, कालवताना खारं पाणी. अशा तुळईवर पॅच हा इलाजच नाही, कारण तिच्यात बिनमिठाचा भागच नाही. हे कळायला फक्त पुडीच्या काही पिशव्या लागतात. मग त्या न पाठवता लाखोंचं काम का काढावं?

फिनॉल्फ्थॅलीनबद्दल एक इशारा. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण शिंपडलं आणि ते गुलाबी झालं, की ‘काँक्रीट उत्तम’ असा शेरा मारलेला मी अहवालांत वाचलाय. गुलाबी रंग एवढंच सांगतो की काँक्रीटचा अल्कधर्म टिकून आहे, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो मारलेला नाही. मिठाबद्दल तो काहीही सांगत नाही. खाडीवरचं काँक्रीट गर्द गुलाबी असूनही आतली सळई गंजत असते.

हाफ-सेल चाचणी, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणं, जमत असेल तर जरूर करा. एका ठिकाणी सळई उघडी करून तिला तार जोडायची आणि कॉपर-कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड अर्ध्या अर्ध्या मीटरवर टेकवत वाचन घ्यायचं. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे असेल तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, उणे २०० पेक्षा कमी उणे असेल तर गंज नसण्याची शक्यता तेवढीच, मधलं संदिग्ध. मात्र हे आकडे ओल्याचिंब खांबावर जसेच्या तसे लावू नका. पाण्याने तुडुंब भरलेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू नसल्यामुळे वाचन फार उणे येतं आणि गंज मात्र होत नसतो. मी हे वाचन फक्त तुळया आणि स्लॅबचा तळ यांवर विश्वासाने वापरतो, आणि एका आकड्यापेक्षा शेजारच्या दोन आकड्यांमधल्या उडीकडे जास्त बघतो.

इलाज

मीठ थोड्या भागापुरतं असेल तर पॅच चालतो, पण त्याची सीमा पोपड्यांनी नव्हे, पुडीच्या अहवालाने ठरवायची. जिथवर सळईपाशी मीठ धोक्याच्या वर आहे तिथवर तोडायचं, काँक्रीट भरीव वाजत असलं तरी. याला धीर लागतो. पंचायतीच्या सदस्यांना आणि कधीकधी वरिष्ठांनाही धडधाकट दिसणारं काँक्रीट फोडलेलं बघवत नाही.

तोडण्यापूर्वी तुळईला टेकू द्या. कडा कटरने सरळ कापून घ्या, निमुळती कड कधी टिकत नाही, पण कापताना सळईला पातं लागता कामा नये. सळईच्या मागे बोट फिरेल एवढी, २० ते २५ मिमी, जागा मोकळी करा. सळईचा फक्त समोरचा भाग उघडा करून मागे खारं काँक्रीट तसंच ठेवलं तर एकाच सळईच्या पुढच्या आणि मागच्या बाजूत घट तयार होतो. तारेचा ब्रश गंज घासतो, खड्ड्यांतलं मीठ काढत नाही. दाबाच्या गोड्या पाण्याने किंवा ग्रिट मारून सळई साफ करा. मग व्हर्नियरने मोजा. २० मिमीची सळई झिजून १७ वर आली, तर डोळ्याला तीनच मिलिमीटर गेलेले दिसतात, पण छेदाचं क्षेत्रफळ २८ टक्के गेलेलं असतं. तिथे जोडीला नवी सळई पुरेशा लॅपने, म्हणजे जुन्या सळईला पुरेशा लांबीवर चिकटून, बांधावीच लागते. किती, ते डिझाइनवाल्याने सांगायचं.

आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमध्ये थोडं मीठ राहणारच असेल, आणि बहुतेक वेळा राहतंच, तर पॅचच्या कडेला जस्ताचे अॅनोड बांधा. ट्रॉलरच्या वडीचंच हे धाकटं भावंड: मुठीएवढी जस्ताची गोळी, भोवती खास मॉर्टर, दोन तारा. पॅचच्या आत, कडेपासून हातभराच्याही कमी अंतरावर, सळईची दाटी असेल त्याप्रमाणे साधारण अर्ध्या ते पाऊण मीटरवर एकेक. झिजायची पाळी पुन्हा सळईऐवजी जस्तावर येते. बांधताना सळई त्या जागी चकचकीत घासा आणि तार आवळल्यावर मल्टिमीटरने जोड तपासा. वाचन एक ओहमच्या आत असलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या दिवशी बांधलेल्यांपैकी काहींच्या तारा रंगावरूनच गुंडाळलेल्या निघाल्या. तशा अॅनोडचा काही उपयोग नसतो आणि काँक्रीट भरल्यावर ते कोणालाही कळत नाही.

इथे एक चूक फार होते. एकीकडे अॅनोड बांधतात आणि दुसरीकडे सळईला जाड इपॉक्सी रंग देऊन इपॉक्सी मॉर्टरने भरतात. अॅनोडचा प्रवाह काँक्रीटमधूनच जायचा असतो. इपॉक्सी तो अडवतं. अॅनोड असेल तिथे सिमेंटचंच साहित्य वापरा, आणि पॉलिमरचं प्रमाण फार नको.

भरायला हाताने थापण्यापेक्षा शटरिंग (साचा) लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट, ओतणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तळाला थापलेलं मॉर्टर थरांत सुटतं आणि सळईच्या मागे पोकळी राहते. शटरिंग थोडं बाहेर घेतलं की कव्हरही वाढतं. कव्हर ब्लॉक त्याच प्रतीच्या काँक्रीटचे पाडून घ्या, सळईचे तुकडे टेकण म्हणून ठेवू नका. बाइंडिंग तारेची टोकं आत वळवा. बाहेर वळलेलं टोक गंजाला थेट वाट देतं. सळई जेट्टीवर महिनाभर खाऱ्या वाऱ्यात पडून असेल तर बांधण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. आणि पाणी मारायला खाडीची बादली वापरू देऊ नका. गोणपाट तरी खाडीत बुडवलेलं नाही ना, हे स्वतः जाऊन बघा.

सबंध तुळईतच मीठ असेल तर पॅच आणि अॅनोड हे फक्त मुदतवाढ देतात. बाहेरून वीज देऊन सळई राखण्याची पद्धतही आहे आणि मोठ्या बंदरांत ती नीट चालते, पण तिच्या यंत्राकडे दर महिन्याला बघणारा माणूस लागतो. लहान गावच्या जेट्टीवर तो माणूस मिळत नाही, म्हणून तिथे मी ती सुचवत नाही. तिथे तुळई तोडून नवी घालणं प्रामाणिकपणाचं आहे. नवी घालताना सर्वांत जास्त भिजणाऱ्या भागापुरती तरी स्टेनलेस सळई घालता येते का, याचा हिशेब जरूर मांडा. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसोचा धक्का १९४१ साली स्टेनलेस सळईने पुरा झाला आणि तो आजही वापरात आहे. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळईने बांधलेला धक्का खचून गेला. स्टेनलेस परवडत नसेल तर स्लॅग सिमेंट, ०.४० पाणी-सिमेंट प्रमाण आणि पुरतं कव्हर, एवढं तरी सोडू नका.

भरती-ओहोटीचा हिशेब

कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला. ते उधाणाचे दिवस, पाणी सर्वांत खाली जातं. खांब खालपर्यंत बघायचे ते तेव्हा. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, सुकती भर दुपारी, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असणारे, दिवस असल्याने पाणी फार वरही चढत नाही. तुळईच्या खालच्या बाजूचं आणि खांबाच्या माथ्याचं काम या दिवसांत धरा: सकाळी नऊला शटरिंग, दुपारपर्यंत ओतून मोकळं. ताज्या काँक्रीटला खारं पाणी लागू नये म्हणून ही सगळी यातायात. शटरिंगच्या सांध्यांना फोमची पट्टी लावा आणि ते शक्य तितके दिवस काढू नका.

अंदाजपत्रक

माझ्या मते या दुखण्याचं मूळ निविदेच्या भाषेतही आहे. ‘सैल काँक्रीट काढून पॉलिमर मॉर्टर भरणे, प्रति चौरस मीटर’ अशी बाब लिहिली की ठेकेदार सैल तेवढंच काढणार, आणि तो चुकत नाही. त्याऐवजी बाब अशी लिहा: क्लोराइड तपासणीवरून आखलेल्या हद्दीपर्यंत, सळईच्या मागे २५ मिमी, भरीव काँक्रीटसह तोडणे. पूड-चाचणी ही वेगळी बाब ठेवा आणि ती तोडकामाआधी करून घ्या. अॅनोडचा दर नगावर ठेवा आणि जोड तपासल्याची नोंद झाल्याशिवाय शटरिंग लावू देऊ नका.

आमच्या जेट्टीवर चौथी दुरुस्ती अशी केली. काम संपल्यावर प्रत्येक पॅचच्या कडेला रंगाने महिना आणि वर्ष लिहिलं. आता दर वर्षी पाऊस सरला की कोजागिरीच्या आसपासच्या उधाणात, सुकतीला, होडीने खाली जाऊन पॅचच्या कडेपासून दोन्ही बाजूंना एक मीटरपर्यंत हातोडी मारत जातो आणि पोकळ वाजलेली जागा खडूने आखून वहीत टिपतो. होडी नानाच धरून ठेवतात.